डोळे बांधून धरलेला नारळ

विज्ञानानं अज्ञानावर मिळवलेला एक निर्णायक विजय मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. हा विजय सांगली जिल्ह्यात, कवठे महांकाळच्या पुढच्या एका गावी, हायस्कुलाच्या पटांगणात सकाळी अकराच्या सुमारास झाला. शाळेची मुलं-मुली, गावातली तीसेक माणसं आणि कुंपणातल्या भगदाडातून आत आलेल्या चार-पाच शेळ्या एवढे साक्षीदार होते. नक्की कोण जिंकलं याबद्दल गावात अजून एकमत नाही. त्या दिवशीच्या सत्काराचे हार शेळ्यांनी खाल्ले, याबद्दल मात्र वाद नाही.

मी तिथं असण्याचं कारण एवढंच, की माझ्याकडे चारचाकी आहे. ज्यांच्यामुळं हे घडलं त्यांच्याकडे ती नाही, आणि एसटीच्या वेळापत्रकावर त्यांचा विश्वास नाही. आयुष्यभर पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका असं सांगत आल्या, त्यामुळं ते सुसंगतच म्हणायचं. साताऱ्यात आम्ही एकाच शाळेत सव्वीस वर्षं नोकरी केली. त्या पदार्थविज्ञान शिकवायच्या, मी मराठी शिकवायचो. म्हणजे कुणी शिक्षक गैरहजर असला की त्या वर्गावर मला पाठवायचे. मराठी कुणालाही कधीही शिकवता येतं, अशी सर्वांची समजूत होती. त्यांना अख्खं सातारा 'बाई' म्हणतं. मीही तेच म्हणतो.

बाई फलटणकडच्या, ऊसवाल्या घरातल्या. मुलीनं शिकावं पण फार शिकू नये, असं त्यांच्या वडिलांचं मत होतं. 'फार' म्हणजे किती हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळं बाई एम.एस्सी. झाल्या. शाळेत रुजू झाल्या तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप होतं. आत दोन सूक्ष्मदर्शक, बरंच काचसामान आणि एक सांगाडा होता. वर्षभर आत वावर असा फक्त सांगाड्याचाच. किल्ली शिपायाकडे असायची आणि शिपाई त्याच्या रानात. सगळे प्रयोग फळ्यावर व्हायचे. प्राणवायू आम्ही खडूनं तयार करत असू आणि तो पेटत्या काडीनं नव्हे, डस्टरनं नाहीसा व्हायचा.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी बसस्थानकाजवळच्या किल्लीवाल्याकडून दुसरी किल्ली करून घेतली. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "काचसामान फुटलं तर जबाबदार कोण?"

"फुटलं तर मुलांनी वापरलं असं समजायचं," बाई म्हणाल्या. "आत्तापर्यंत एकही फुटलेलं नाही, ही काळजीची गोष्ट आहे."

पुढं वर्तमानपत्रांनी त्यांना शिक्षणसुधारक, समाजसेविका वगैरे बरंच काही केलं. मला विचाराल तर सुधारणा ती किल्लीच. बाकी पुढं आयुष्यभर तिचा विस्तार चालला. मुख्याध्यापकपद चालून आलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. त्या खुर्चीला व्यासपीठावर बसावं लागतं आणि व्यासपीठावरून कुणाच्या वहीत काय लिहिलंय ते दिसत नाही, असं त्यांचं कारण.

निवृत्तीनंतर त्यांनी दोन पिशव्या उचलल्या आणि माण, जत, कवठे महांकाळ अशा कोरड्या तालुक्यांतल्या शाळा धरल्या. पिशव्यांत सायकलच्या ट्यूबचे व्हॉल्व्ह, सलाईनच्या नळ्या, औषधाच्या बाटल्या, सिरिंजा असा ऐवज. पाण्याच्या टाकीतला प्लास्टिकचा फुगा रंगवून त्याची त्यांनी पृथ्वी केली होती. तेव्हा त्या एसटीनं जात. मिरजेकडच्या गाडीत कंडक्टरनं ती पाहून विचारलं, "बाई, ह्ये काय हाय?"

"पृथ्वी."

"मांडीवर घ्या. पॅशिंजर लय हायती."

ग्रहणाच्या दिवशी त्या एखाद्या गावात जाऊन देवळासमोरच्या कट्ट्यावर बसत आणि ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत सांगलीची भडंग खात. भाषण करत नसत. एखादी गरोदर बाई दारातून बघायची, मग सासूची नजर चुकवून जवळ यायची आणि विचारायची, "खाल्लं तर काय न्हाई का हो होत?" बाई पुडा पुढं करायच्या. असल्या बायकांची बाळं आता हायस्कुलात आहेत आणि धडधाकट आहेत. बाईंना त्याचं कौतुक नाही. "न खाणाऱ्यांचीही धडधाकट आहेत," त्या म्हणतात. "मोजल्याशिवाय बोलू नका."

'मोजलं का?' हा त्यांचा शब्द. आमच्या घरी एकदा चहाला आल्या असताना माझी बायको सहज म्हणाली, "यंदा उकाडा जास्तच आहे." बाईंनी विचारलं, "मोजला का?" त्यानंतर वर्षभर बायको त्यांच्याशी फक्त स्वयंपाकाबद्दल बोलायची. तिथंही 'चिमूटभर म्हणजे किती' या प्रश्नाशी गाडी अडली. बाईंशी मैत्री ठेवायची तर माणसाला थोडं बहिरं व्हावं लागतं. मी झालो. पण हा शब्द त्या स्वतःलाही लावतात, हे कबूल केलं पाहिजे, आणि उपदेश करणाऱ्या माणसांत ही गोष्ट मी फारशी पाहिलेली नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मी बाईंकडे बसलो असताना त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ही मुलगी त्या कवठे महांकाळकडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. शाळेत पाणी नव्हतं. गावातल्या हातपंपावरून रोज एक बॅरल यायचं. त्यात खिचडी शिजायची, मुलं प्यायची, संपलं. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याअभावी कुलूप. मुलगे शाळेमागच्या बाभळीत जायचे. मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या आणि लांबच्या वस्त्यांवरच्या मुली परत यायच्या नाहीत. शाळेच्या भाषेत याला 'दुपारनंतर उपस्थिती कमी' म्हणतात.

"नववीत एक मुलगी आहे, बाई," ती सांगत होती. "फार चुणचुणीत. वस्ती तीन किलोमीटरवर. तिचे वडील म्हणतात, अर्ध्या दिवसाची शाळा करण्यापेक्षा शेरडं पूर्ण दिवस राख. दहावीला बसवणार नाही म्हणतात. जूनपर्यंत पाणी आलं तर पाठवतो, असा त्यांनी शब्द दिलाय. आणखी चार-पाच जणींचं तसंच आहे."

पाण्याची सोय होण्यासारखी होती. गावातले जे सैन्यात आहेत त्यांनी मिळून शाळेला एक बोअर द्यायचं ठरवलं होतं. एकच. कोरडं गेलं तर दुसरं नाही. ते मारायचं कुठं, हा प्रश्न होता. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यासाठी गावातल्या पाणाड्याला बोलावलं होतं. पाणाड्या म्हणजे पाण्याची जागा सांगणारा. हा तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो आणि पाण्याच्या जागेवर आला की नारळ आपोआप उभा राहतो. त्यानं शाळेच्या आवारातला लिंब दाखवला होता. उलट, या शिक्षिकेनं वर्षभर मुलींकडून गावातल्या सगळ्या विहिरींची पातळी मोजून घेतली होती. दर पंधरा दिवसांनी दोराला दगड बांधून तो आत सोडायचा आणि ओला भाग कुठून सुरू होतो ते वहीत लिहायचं, ही बाईंचीच शिकवण. त्या नकाशावरून तिला वाटत होतं की बोअर ओढ्याच्या वळणावर, गायरानात मारावं. तिनं तसं बैठकीत सांगितलं. अध्यक्षांनी तिला विचारलं, "तुमची नोकरी पक्की झाली का हो, मॅडम?" झालेली नव्हती.

"मी येते," बाई फोनवर म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आपण जातोय."

पाणाड्याची चाचणी घ्यायला येतेय, असं बाईंनी शाळेला कळवलं होतं. आम्ही पोचलो तर शाळेच्या फाटकावर फ्लेक्स. 'भव्य वैज्ञानिक प्रयोग'. त्यावर अध्यक्षांचा फोटो बाईंच्या फोटोच्या चौपट. खाली बाईंच्या नावामागं 'थोर शास्त्रज्ञ'. बाई थांबल्या, फ्लेक्स वाचला आणि म्हणाल्या, "चुकीचं आहे. मी काही शोधलेलं नाही." मुख्याध्यापक म्हणाले, "राहू द्या बाई, छापून झालंय." आपल्याकडे बऱ्याच सत्यांचं मूळ हेच आहे.

पाणाड्या म्हणजे कुणी भगव्यातला बुवा असेल अशी माझी कल्पना होती. निघाले ते निवृत्त सुभेदार. सत्तरी ओलांडलेले, ताठ, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सदरा. पाणी दाखवण्याबद्दल कुणाकडून कधी काही घेत नसत. बाईंना त्यांनी सलामच ठोकला.

"आवं बाई, मला कळलं तुमी माझी परीक्षा घ्यायला आलाय."

"तुमची नाही, सुभेदार. नारळाची."

"मग हरकत न्हाई. त्यो पास हुईल."

बाईंचा बेत साधा होता. सुभेदारांनी आधी डोळे उघडे ठेवून चालायचं आणि नारळ उभा राहील तिथं मुलींनी चुन्याची खूण करायची. मग डोळ्यांवर पट्टी बांधून, दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करून, तेच पुन्हा. पाणी जमिनीत असेल तर पट्टीनं हलणार नाही. खुणा एकाच जागी पडतील. सुभेदारांना हे पटलं. "फायरिंग रेंजवर असंच असतंय," ते म्हणाले. "एक गोळी कुटंबी लागती. ग्रूप बघाया पायजे."

पण आपल्याकडे कशालाही सुरुवात अशी होत नाही. टेबलावर सरस्वतीची तसबीर होती, समई होती, फुलांचं तबक होतं. सुभेदारांनी कामाआधी नमस्कार करावा म्हणून आपला नारळ तबकात ठेवला आणि हात जोडले. तेवढ्यात सूत्रसंचालन करणारे शिक्षक माइकवर म्हणाले, "आता मा. अध्यक्षसाहेबांच्या शुभहस्ते श्रीफळ वाढवून प्रयोगाचं उद्घाटन होईल."

मराठीत शुभप्रसंगी नारळ फुटत नाही, वाढतो. मी ही गोष्ट तीस वर्षं मुलांना शिकवली, पण तिचा पुरावा असा समोर कधी आला नव्हता. अध्यक्षांनी तबकातला नारळ उचलला आणि पायरीच्या दगडावर सवयीच्या हातानं हाणला. आतून पाण्याचा थेंब आला नाही. खडखडीत सुटलेली खोबऱ्याची वाटी बाहेर पडली. टाळ्या झाल्या.

"आवं सायेब!" सुभेदार ओरडले. "ते हत्यार हुतं माझं!"

टाळ्या थांबल्या. अकरा वर्षं त्यांनी तो नारळ जपला होता. शिपाई धावत गेला आणि कार्यालयातून दुसरा नारळ घेऊन आला. "ह्यो घ्या की. फोडायचा ह्यो हुता," तो म्हणाला. अध्यक्ष म्हणाले, "नारळ तो नारळ. त्यात काय?"

सुभेदारांनी नवा नारळ कानाशी नेऊन हलवला आणि मान हलवली. "ह्यो कच्चा हाय. ह्येच्या पोटातच पाणी हाय. सोताचं पाणी असल्यावर ह्यो भायेरचं कसं सांगंल?"

शिक्षक हसले. बाई हसल्या नाहीत. "मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मग आधी हा चालतो का ते बघू. डोळे उघडे ठेवून तीनदा करा. नाही चाललं तर आम्ही परत येऊ, तुमचा नवा नारळ वाळल्यावर."

मला वाटलं, आता दोन वर्षं गेली. पण चाललं. पटांगणात कुठूनही निघाले तरी सुभेदार लिंबाजवळ आले की तळहातावरचा नारळ थरथरायचा, हळूहळू कलायचा आणि शेंडी वर करून उभा राहायचा. तिन्ही वेळा. तीन खुणा एका घोंगडीत मावतील एवढ्या जवळ. सुभेदारांचा चेहरा उजळला. "गड्या, कच्चा बी शाणा निघाला की," ते नारळाला म्हणाले. गावकऱ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्या शिक्षिकेचा चेहरा मात्र उतरला. तिच्याशेजारी एक काटकुळी मुलगी वही घेऊन उभी होती. दोन वेण्या, एक वेणी सुटलेली. फोनवर जिच्याबद्दल ऐकलं ती हीच, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. टाळ्या न वाजवणारी ती एकटीच होती.

मग सुभेदारांच्या डोळ्यांवर त्यांचाच टॉवेल घट्ट बांधला. मुलींनी त्यांना दोन गिरक्या देऊन पटांगणाच्या एका टोकाला नेऊन उभं केलं. कुणी बोलायचं नाही, अशी बाईंची अट. सुभेदार चालू लागले आणि नारळ झेंड्याच्या खांबाजवळ उभा राहिला. खूण झाली. दुसऱ्या वेळी खिचडीच्या खोलीच्या भिंतीपाशी. तिसऱ्या वेळी फाटकाजवळ. चौथ्या वेळी एका शेळीसमोर. ती हलली नाही, सुभेदारही हलले नाहीत, नारळ उभा राहिला. पाचव्या वेळी कुलूपबंद स्वच्छतागृहाच्या शोषखड्ड्यावर.

तिथं मुलांच्या रांगेतून हसू फुटलं.

"हसायचं नाही," बाई मागं न वळता म्हणाल्या. "लिहायचं."

सात वेळा झालं. सात खुणा, सात ठिकाणी. लिंबाजवळ एकही नाही. सुभेदारांनी टॉवेल सोडला, डोळे चोळले आणि पटांगणभर विखुरलेला चुना बघत राहिले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आता डोळं बांधल्यावर देवाला तरी दिसंल का? ह्येला काय परीक्षा म्हणायची?"

"गप बसा, सायेब," सुभेदार म्हणाले. "ग्रूप न्हाई हे. गोळ्या कुटंबी गेल्यात." मग बाईंकडे वळून हळू आवाजात त्यांनी विचारलं, "म्हंजे मी खोटा का, बाई?"

या प्रश्नाची मला भीती होती. बाई खरं बोलतात, आणि खरं बोलणारी माणसं अशा वेळी काय करून ठेवतात ते मी पाहिलेलं आहे. त्या सुभेदारांशेजारी पायरीवर बसल्या.

"नाही. तुम्ही नारळ हलवत नाही, हे मी जवळून बघितलंय. हात आपोआप हलतो. जे डोळ्याला दिसतं ते हाताला कळतं, आपल्याला कळायच्या आधी. मला सांगा, नारळ नसता तर पाणी कसं शोधलं असतं तुम्ही?"

सुभेदारांनी विचार केला. "उंबर बगितला असता. वारूळ बगितलं असतं. चैतात बी जे झाड हिरवं राहतंय त्येच्या बुडाला पाणी असतंय. आता ह्यो लिंबच बगा. समदं रान करपलंय आणि ह्यो बगा कसा गार हाय."

तेव्हा ती वहीवाली मुलगी बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"आज्जा, त्या लिंबाच्या बुडाला आमी खिचडीची ताटं इसळतो."

"काय?"

"रोज. दीडशे ताटं. समदं खरकटं पाणी तितंच जातंय. म्हणून हिरवा हाय त्यो. पलीकडचा बगा की, वाळून कोळसा झालाय."

पलीकडचा लिंब खरंच वाळला होता. आम्ही सगळ्यांनी तो बघितला. सकाळपासून तो तिथंच होता. सुभेदार उठले, हिरव्या लिंबाखाली गेले, बुटानं माती उकरली आणि वाकून चिमटीत काहीतरी उचललं. हिरव्या मुगाची डाळ होती.

ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. अकरा वर्षांत गावातली अर्धी बोअर त्यांनी सांगितली होती. बाईंनी विचारलं नाही, त्यांनी आपणहून सांगितलं, "लागल्याली ध्यानात ऱ्हायली, बाई. कोरडी किती गेली त्ये कवा मोजलंच न्हाई."

"मीही फार उशिरा मोजायला लागले," बाई म्हणाल्या. हे खोटं होतं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. बाईंनी बोललेलं एवढं एकच खोटं माझ्या ऐकण्यात आहे.

व्हरांड्यातच बैठक बसली. शिक्षिकेनं नकाशा पसरला. कुठली विहीर कधी आटली, कुठल्या दोन वैशाखातही ओल धरून असतात, त्या दोन एका रेषेत कशा आहेत आणि ती रेषा ओढ्याच्या वळणावरून कशी जाते, हे तिनं दाखवलं. अध्यक्षांनी नकाशाकडे नव्हे, बाईंकडे बघितलं. "बाई, एका शब्दात सांगा. तितं पाणी लागंल का?"

"लागण्याची शक्यता इथल्यापेक्षा बरी आहे."

"गॅरंटी?"

"नाही."

"मग तुमचं इज्ञान काय कामाचं? सुभेदार तर गॅरंटी देत हुते."

बाईंनी नकाशाचं दुमडलेलं टोक सरळ केलं. गॅरंटी नसणं हा त्यांचा आयुष्यभराचा दोष. शेवटी माणसाला जागा नको असते, कुणीतरी खांद्यावर हात ठेवून 'लागंल' म्हणायला हवं असतं. लोकांची कुजबुज लिंबाच्या बाजूनं झुकतेय हे मला दिसत होतं. खरकट्या पाण्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं, पण लिंब हिरवा होता आणि तो समोर होता. ती मुलगी वही छातीशी धरून खांबाला टेकली होती. तिच्या वडिलांचा जून तिथून दोन महिन्यांवर होता.

मग सुभेदार उभे राहिले. माइक त्यांनी घेतला नाही.

"लिंबाजवळ मारू नगा. माझ्या नावावर तर अजाबात मारू नगा. त्या लिंबानं मला फशिवलंय. पोरींनी वर्सभर दोर सोडून मोजलंय. मी न्हाई मोजल्यालं. मारायचं तर पोरींच्या जागंवर मारा."

"आणि कोरडं गेलं तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"तर पोरी लिवून ठेवतील. आपण तेबी केलं न्हवतं."

सैन्यातल्या पोरांनी दिलेलं बोअर, आणि सैन्यातलाच माणूस बोलला. ठरलं.

आठवड्यानं यंत्राची गाडी आली तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी आग्रह धरला. चुकलं तर समोर असावं, म्हणाल्या. गायरानात गाव गोळा झालं होतं. यंत्र सुरू झालं आणि भुकटी उडू लागली. आधी तांबडी, मग करडी, मग पांढरीफेक. बाभळीवर, माणसांवर, माझ्या गाडीवर ती बसत होती. शंभर फूट गेलं, कोरडं. दीडशे गेलं, कोरडं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "मी आधीच सांगत हुतो." त्या शिक्षिकेनं नखं खाल्ली. वहीवाल्या मुलीचे वडील सकाळपासून शेरडं घेऊन लांबवर उभे होते. ते आता निघायच्या बेतात दिसले. बाई दगडावर बसून भडंग खात होत्या. मला वाटलं, काय हे निर्विकार मन! मग पुडा त्यांनी माझ्यापुढं केला तेव्हा तो रिकामा निघाला.

दोनशेच्या थोडं पुढं भुकटी उडायची थांबली. पहिल्यांदा चिखल आला, मग राखी रंगाचं पाणी, मग पाणी. फार नव्हतं, शेतीला कुणी विचारलं नसतं. शाळेला पुरेसं होतं. पोरी ओरडत सुटल्या. कुणीतरी हार आणले होते ते बाईंच्या गळ्यात घालायला लोक धावले, तेव्हा बाई बाजूला झाल्या आणि हार त्या शिक्षिकेच्या गळ्यात पडले. मघाशी नखं खाणारी ती शिक्षिका आता उघड रडत होती.

सुभेदार गर्दी ओसरल्यावर आले. बुटावर चिखल होता. पाण्यात बोटं बुडवून त्यांनी ती डोळ्यांना लावली आणि बाईंना म्हणाले, "लागलं. पर ह्ये एकच झालं. एकावरनं काय ठरत न्हाई. व्हय ना, बाई?"

बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की तशी नजर मी राज्यपातळीवरच्या कुठल्याही पुरस्काराच्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही. परतीच्या वाटेवर सांगलीत म्हणाल्या, "विद्यार्थी उशिरा मिळतात."

गावात म्हणाल तर निम्मे लोक म्हणतात, मुलींच्या दोराला यश आलं. उरलेले म्हणतात, अध्यक्षांनी इतका जुना नारळ वाढवला, पाणी लागायचंच. बोअरजवळच्या फरशीवर अध्यक्षांचं नाव आहे. सुभेदार आता पाणी दाखवत नाहीत. कुणी आलं तर त्याला आधी विचारतात, आजूबाजूच्या विहिरी मोजल्या का. माणूस कंटाळून निघून जातो.

स्वच्छतागृहाचं कुलूप जूनमध्ये निघालं. वडिलांनी शब्द पाळला आणि ती मुलगी दहावीत गेली. गेल्या महिन्यात शिक्षिकेच्या फोनवरून ती बाईंशी बोलली. मी शेजारीच होतो. मला वाटलं, आभार मानेल. तिनं सांगितलं की आता संध्याकाळी पाचपर्यंत शाळेत थांबावं लागतं, आणि शेवटचा तास गणिताचा असतो.